कासियानच्या पडद्यावरची भट्टी

ईस्टरच्या आठवड्यात आपल्या चर्चच्या डाव्या वेदीसमोर जो मोठा रंगवलेला पडदा टांगतात, त्याच्या तळाशी वीतभर जागा कोरी आहे. नवे फादर तरुण आहेत. परवा त्यांनी ती जागा बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "इथला रंग गेलाय. शहरातून कुणी चित्रकार बोलावून भरून घेऊ." मी म्हटलं, "थोडं थांबा फादर, मी लिहून देते." पडदा रंगवणाऱ्या कासियान श्टोकलला आपण ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला पुरलं. त्याची बायको नॉटबुर्गा त्याच्या आधीच गेली, आमचे हेही गेले. त्या वर्षी काय घडलं ते सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्या आठवड्याच्या माझ्या नोंदी समोर आहेत, त्यामुळे आठवणीवर फार भार टाकावा लागणार नाही.

कासियान काही मोठा चित्रकार नव्हता. तो खानावळींच्या पाट्या रंगवायचा, नेमबाजीची निशाणं रंगवायचा, आणि घोड्याच्या लाथेतून किंवा कोसळत्या हिमकड्यातून वाचलेली माणसं नवस फेडायला ज्या लाकडी पाट्या चर्चमध्ये लावतात, त्या रंगवायचा. त्याच्या सगळ्या घोड्यांची तोंडं सारखी असत आणि ती जराशी आमच्या खाणीच्या मुकादमासारखी दिसत. कुणी हसलं की म्हणायचा, "मुकादमाने पैसे दिले असते तर त्याचं तोंड माणसावर काढलं असतं."

मनाने त्याने कधी काही काढलं नाही. शरद ऋतूत तेसीनो भागातले फेरीवाले पाठीवर पेटी घेऊन खिंडीतून उतरत. त्यांच्याकडून तो छापील चित्रं विकत घ्यायचा, खिळ्याला टांगायचा, कोळशाने चौकोन आखायचा आणि हुबेहूब उतरवायचा. एक केस कमी नाही, एक केस जास्त नाही. शहरात छापलं म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने तपासलं असणार, असा त्याचा हिशेब होता. वाचता त्याला येत नव्हतं. म्हणून चित्राखालच्या ओळींची पट्टी तो आधी कात्रीने कापून टाकायचा आणि तिच्या रंग ठेवायला पुड्या करायचा. "पडद्यावर देव बोलतो वहिनी," मला म्हणायचा, "मध्ये अक्षरांनी कशाला तोंड घालायचं?"

त्याला एकच मुलगा होता, वीगिल. तो चांदीच्या भट्टीवर कामाला होता. एका वसंतात भट्टीचं तोंड फोडताना खालच्या वाळूत ओल राहून गेली. वितळलेल्या धातूला ओल लागली की कसा स्फोट होतो ते ह्या दरीत लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्या शरद ऋतूत फेरीवाला आला तेव्हा कासियानने पेटीतलं पहिलंच चित्र उचललं ते खाली ठेवलंच नाही.

त्यात ख्रिस्त थडग्यातून उठत होता. अंगावर लाल झगा, हातात निशाण. वर एका बाजूला चेहरा असलेला सूर्य, दुसऱ्या बाजूला चेहरा असलेला चंद्र. पायाशी एक काळा डोमकावळा, आणि त्याच्या समोर चोचीने आपली छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा पांढरा पक्षी. थडगं दगडी होतं, पण त्याच्या खाली विटांची कमान होती, कमानीला लोखंडी दार, आणि दारातून जाळ दिसत होता. नॉटबुर्गाताईंनी ते चित्र दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "हा आपल्या भट्टीवर आलाय."

आम्हां कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. भट्टीवरची माणसं जाळ पेटवताना क्रूसाची खूण करतात. दगड आधी काळा पडून मरतो, मग त्यातून चांदी उठते, असंच ते बोलतात. आमचे हे, इंगेनुइन, खाणीचे चांदी पारखणारे होते. तेही जेवताना सहज म्हणत, "आज मेलाय, उद्या उठेल," आणि मी समजत असे की मुशीतल्या धातूबद्दल बोलताहेत.

पडदा कासियानने तागाच्या कापडावर केला. जवसाचं तेल पाजून कापड असं केलं की मागे दिवे लावले तर उजेड पुढे झिरपावा. आकाश त्याने पातळ रंगात काढलं, त्यामुळे ते उजळायचं. जाळ मात्र शेंदूर आणि हरताळ लावून असा जाड थापला होता की त्यातून काडीचाही उजेड येत नसे. चित्रातला जाळ म्हणून तो छान होता. दोन ईस्टर तो पडदा टांगला गेला आणि भट्टीवरची माणसं त्याच्यासमोर गुडघे टेकून गेली.

तिसऱ्या ईस्टरला डॉक्टर त्रोयर आले.

त्याआधी शेजारच्या दरीत एका किमयागाराने खाणमालकांना सोनं करून देतो म्हणून पुरतं नागवलं होतं. तेव्हापासून हुकूम होता, की जो कुणी ही विद्या करताना सापडेल त्याला घरादारासकट खिंडीपलीकडे घालवायचं. बिशपांच्या कचेरीतून पाहणीला माणसं हिंडत होती. डॉक्टर त्रोयर त्यांपैकी एक, शिकलेले पाद्री, उंच, सर्दीने नाक लाल झालेले. पवित्र गुरुवारी सकाळी कासियान पडदा टांगत असताना ते चर्चमध्ये शिरले, बराच वेळ मान वर करून उभे राहिले, आणि म्हणाले, "हे ज्याच्यावरून काढलंस ते मला दाखव."

मी तेव्हा कासियानच्याच घरी होते. ईस्टरला चर्चमध्ये ख्रिस्ताचं थडगं उभारतात, त्यापुढे मांडायच्या बार्लीच्या कुंड्या आम्ही त्यांच्या तळघरात वाढवत असू. अंधारात उगवलेले पांढरे, लांब कोंब. मी आणि नॉटबुर्गाताई एक एक कुंडी वर आणत होतो. डॉक्टर आत आले ते थेट फळीपाशी गेले. त्यांनी एक बाटली उचलली, हलवली, आणि तिच्या वजनानेच ओळखलं.

"पारा."

"होय, डॉक्टरसाहेब."

"आणि हे?"

"गंधक."

"पारा आणि गंधक. एका फळीवर, शेजारी शेजारी."

"लांब ठेवले तर उगाच हेलपाटा होतो," कासियान म्हणाला. त्याने थट्टा केली नव्हती, पण नॉटबुर्गाताईंनी डोळे मिटले.

"दोघांचं करतोस काय?"

"हिंगूळ. प्रभूच्या झग्याला. दोन्ही खलात घोटले की काळं होतं. ते काळं मडक्यात तापवलं की लाल होऊन वर चढतं."

"काळ्यातून लाल."

"होय."

"ते लोक अगदी हेच सांगतात," डॉक्टर म्हणाले. "ह्याच शब्दांत. पारा कुणी दिला?"

कासियान खल पुसायला लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याने मुद्दाम पाहिलं नाही हे डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाव सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. आमचे हे, चर्चचे तेव्हाचे फादर रोमेदियुस यांना घेऊन, दारात पोचलेच होते.

"मी दिला," हे म्हणाले. "खाणीच्या साठ्यातला. दर वर्षी ईस्टरच्या आधी, हिंगुळापुरता. मालकांच्या परवानगीने."

"हिंगूळच केला, हे तुम्ही पाहिलंत?"

"पडद्यावर पाहिला."

"पडद्यावर," डॉक्टरांनी मान हलवली आणि खिळ्यावरचं चित्र काढून घेतलं. खालची कापलेली कड त्यांनी बोटाने चाचपली. "ह्याच्याखाली चार ओळी होत्या. कुठे आहेत?"

"कापल्या."

"का?"

"मला वाचता येत नाही."

"न येणाऱ्याने ठेवल्या असत्या तरी बिघडत नव्हतं. कापतो तो, ज्याला वाचता येतं."

"पुड्या करतो मी त्यांच्या," कासियान म्हणाला आणि फळीवरच्या पुड्या दाखवल्या.

डॉक्टरांनी रुमाल पसरला आणि पुड्या एक एक करून उघडल्या. काजळी, सफेदा, हरताळ. कागदावर कुठे संत बार्बराचं नाव, कुठे स्तोत्राची अर्धी ओळ. हव्या त्या चार ओळी निघाल्या नाहीत. त्यांची पुडी केव्हाच संपून चुलीत गेली होती. डॉक्टर जितक्या शांतपणे पुड्या परत बांधत होते तितकी मला धडकी भरत होती.

"हे चित्र मी पाहिलंय," ते म्हणाले. "किमयागारांच्या पुस्तकाचं शेवटचं पान आहे. त्यांचा तो परीस तयार झाला, की ते शेवटी ख्रिस्ताला थडग्यातून उठवतात. हा सूर्य, हा चंद्र, काळं, पांढरं, तांबडं, आणि खाली त्यांची भट्टी."

"ख्रिस्त आपलाच ना, साहेब?" नॉटबुर्गाताईंनी विचारलं.

"आपलाच. म्हणून तर अवघड आहे."

त्या संध्याकाळी घंटा मुक्या झाल्या. गुरुवारपासून शनिवारपर्यंत आपल्याकडे घंटा वाजत नाहीत, नुसत्या लाकडी पट्ट्या ठोकतात. दर वर्षी मला तो आवाज आवडायचा. त्या वर्षी प्रत्येक ठोक्याला वाटायचं, कुणीतरी दार ठोकतंय. कासियान किमयागार ठरला तर पारा देणारा कोण ठरेल, हे आम्हां दोघांना बोलून दाखवायची गरज नव्हती. आमचं घर खाणीचं होतं, दोन मुलं लहान होती, आणि खिंडीत अजून कमरेएवढा बर्फ होता.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर खडू घेऊन चर्चमध्ये आले. आम्ही बायका कुंड्या मांडत होतो. फादर रोमेदियुस त्यांच्या मागे मागे होते. फादर जाडे, आणि घाबरले की जास्त बोलणारे.

"जे त्यांचं आहे ते काढून टाकायचं," डॉक्टर म्हणाले. "जे आपलं आहे ते राहील. मला माणूस घालवायची हौस नाही." त्यांनी शिडीवर चढून सूर्याभोवती आणि चंद्राभोवती खडूचं वर्तुळ काढलं.

फादर रोमेदियुस खाकरले. "डॉक्टरसाहेब, उत्तरेच्या भिंतीवरचा जुना क्रूस. त्याच्या दोन्ही हातांवर हेच दोघे बसलेत. माझ्या आजोबांच्या आजोबांच्या आधीपासून."

डॉक्टर खाली उतरले, क्रूसापर्यंत चालत गेले, परत आले, आणि बाहीने दोन्ही वर्तुळं पुसली. मग पांढऱ्या पक्ष्याभोवती एक काढलं.

"तो वेदीवरच्या प्रसादपेटीच्या दारावर आहे," फादर म्हणाले. "सोन्याचा. दाखवू?"

"नको. ठाऊक आहे मला." तेही पुसलं. डोमकावळ्यापाशी येऊन त्यांनी स्वतःच विचारलं, "हा?"

"संत ओस्वाल्डचा. उजव्या वेदीवर, खांद्यावर बसलाय. चोचीत अंगठी होती, चोरीला गेली."

"चोर कोण?"

"कावळा नसावा," फादर म्हणाले. कुणी हसलं नाही.

डॉक्टर त्रोयर पायरीवर बसले. त्यांच्या बाह्या खडूने पांढऱ्या झाल्या होत्या. "मला हे सगळं आधीच माहीत आहे, फादर," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांच्याकडे जे जे आहे ते आपल्या घरातून गेलेलं आहे. चोराने मालकाचे कपडे घातलेत. आता रस्त्यात ओळखायचं कुणाला, आणि कशावरून?"

मग ते उठले आणि थडग्याखालच्या विटांच्या कमानीसमोर उभे राहिले. लोखंडी दार, आतला जाळ. त्यांनी त्याभोवती वर्तुळ काढलं आणि वळले. "आणि हे? हे ह्या चर्चमध्ये कुठे आहे?"

फादर रोमेदियुसनी सगळीकडे नजर फिरवली. "शुद्धिस्थानाचा अग्नी म्हणता येईल."

"शुद्धिस्थानाला विटा आणि बिजागरी नसतात."

"ते आमच्या भट्टीवर आहे," नॉटबुर्गाताई म्हणाल्या. त्या गुडघ्यांवर बसून कुंडीभोवतीची माती गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"भट्टी म्हणजे चर्च नव्हे, बाई."

"माझा मुलगा तिथेच आहे."

हे डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी फादरांकडे पाहिलं, फादरांनी मान डोलावली. डॉक्टर पुन्हा पडद्याकडे वळले. मला वाटलं, हेही वर्तुळ पुसतील. पण त्यांनी खडू खिशात टाकला आणि कासियानला जवळ बोलावलं.

"उद्या दुपारच्या विधीपर्यंत हे निघालं पाहिजे. वरून रंग लावायचा नाही. वरचा रंग उडतो आणि खालचं पुन्हा उगवतं. खरवडून काढ. कापड दिसलं पाहिजे. दिसलं, तर मी लिहीन की पारा हिंगुळासाठी होता. नाही दिसलं, तर जे पाहिलं तेच लिहावं लागेल. समजलं?"

"समजलं," कासियान म्हणाला.

दुपारी मी त्यांच्याकडे पाव घेऊन गेले. त्या दिवशी पाव आणि पाण्याशिवाय कुणी काही घेत नाही. दाराजवळ एक बोचकं बांधून ठेवलं होतं. नॉटबुर्गाताई बाकावर बसल्या होत्या, अंगावर घराबाहेर जायचा जाड कोट.

"मी खिंड ओलांडायला तयार आहे," त्या मला म्हणाल्या. "ह्याला सांग. माझं ऐकत नाही."

"कुठे जाशील?" कासियान म्हणाला.

"जिथे त्याला सुरीने खरवडत नाहीत तिथे."

"तो पडद्यात नाही, नॉटबुर्गा. तो मागच्या आवारात आहे, भिंतीजवळ."

"आवारात काय पुरलं ते मला माहीत आहे. बूट पुरले आपण. बूट आणि पट्ट्याची कडी."

कासियानने हातातला पावाचा तुकडा ताटलीत ठेवला.  पण मला बोलणं भाग होतं. "ताई," मी म्हटलं, "तुमच्या मागोमाग आमचंही बोचकं बांधावं लागेल."

"भीती घालतेस मला?"

"सांगतेय फक्त."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मी विसरलेली नाही. राग नव्हता. दोन मुलांच्या आईकडे मूल नसलेली आई पाहते तसं ते होतं.

"मी खरवडणार आहे," कासियान म्हणाला. "तू शिव्या दे. पण उद्या पडद्यामागचे दिवे दर वर्षीसारखे तू लाव."

"मी येणार नाही."

"बरं," तो म्हणाला आणि कातडं तासायची वाकडी सुरी दगडावर घासायला बसला.

शनिवारी सकाळी चर्चमध्ये सुरीचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता. कासियानने राखेच्या पाण्यात चिंधी बुडवून जाळावर दाबली, रंग नरम केला आणि तासायला लागला. डॉक्टर त्रोयर पहिल्या बाकावर बसून होते. शेंदराचे लाल-पिवळे कपचे खाली अंथरलेल्या फडक्यावर पडत होते. कासियानची जी सवय होती ती सुरीतही होती. खडूचं वर्तुळ गोल होतं, पण तो गोल खरवडत नव्हता. जाळाच्या एकेका जिभेच्या कडेने सुरी फिरत होती. एक केस कमी नाही, एक केस जास्त नाही. विटा राहिल्या, दार राहिलं. डॉक्टर एकदा म्हणाले, "विटा?" कासियान न वळता म्हणाला, "विटा थडग्याच्याही असतात, साहेब." डॉक्टरांनी ते सोडून दिलं.

मी पडद्यामागे काचेचे गोळे मांडत होते. आपल्याकडे ते पायऱ्यांवर रचतात, आत रंगवलेलं पाणी, प्रत्येकामागे एक दिवा. सगळ्यांत खालच्या पायरीवर लाल गोळा असायचा. मागच्या दारातून कुणीतरी आलं. नॉटबुर्गाताई होत्या, अजून तोच कोट.

आम्ही दोघी पडद्याच्या मागच्या बाजूला उभ्या होतो. तिथून चित्र दिसत नाही, नुसतं तपकिरी कापड दिसतं. पण त्या दिवशी तळाशी काहीतरी हलत होतं. आधी सुरीच्या पात्याची सावली. मग जिथून ती सावली फिरून गेली तिथे मधासारखा उजेड. समोरच्या खिडकीतला प्रकाश तेलकट कापडातून आत येत होता. एक जीभ, मग दुसरी, मग तिसरी. नॉटबुर्गाताई वाकल्या आणि त्यांनी त्या उजेडासमोर हात धरला. हातावर जाळाचा आकार पडला.

 मग त्यांनी कोट काढला, खालच्या पायरीवरचा लाल गोळा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"हा नको."

"मग?"

"रंग काढायला सांगितलाय ना त्यांनी? बिनरंगाचं पाणी आण."

मी साध्या पाण्याचा गोळा भरून आणला. त्यांनी तो कापडाला जवळजवळ टेकवून ठेवला, मागे दिवा ठेवला, आणि वात चिमटीने वर ओढली.  पडद्याच्या पुढच्या बाजूला सुरी थांबली होती. डॉक्टरांचा आवाज आला, "ठीक. कापड दिसतंय." कासियान कपचे गोळा करत होता. त्याने त्यांची पुडी बांधली, हे मी पडद्याच्या कडेने पाहिलं.

दुपारच्या विधीला खिडक्यांवर काळी कापडं होती. भट्टीवरची, खाणीतली सगळी माणसं आली होती आणि वर्तुळाची बातमी सगळ्यांना लागली होती. कोरी जागा अंधारात दिसत नव्हती, तरी सगळे तिथेच पाहत होते. डॉक्टर त्रोयर पुढे, फादर रोमेदियुसच्या उजव्या हाताला. आमचे हे बाकाच्या टोकाशी, दोन्ही मुलांना धरून. फादरांनी पहिल्यांदा गायलं, "ख्रिस्त उठला आहे." मग सूर चढवून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा गायलं की आम्ही दिवे लावायचे.

मी वरच्या पायऱ्यांवरचे लावले. नॉटबुर्गाताईंनी खालचा लावला.

पडद्यापुढून काय दिसलं ते मी लगेच पाहिलं नाही. ऐकलं मात्र. आधी काहीच नाही. मग सगळं चर्च एकदम श्वास घेतं तसा आवाज. मी कडेने डोकावले. आकाश दर वर्षीसारखं उजळलं होतं. पण थडग्याखाली कमानीत जाळ पेटला होता. दोन वर्षं जो जाळ नुसता रंगवलेला होता, तो आता वातीबरोबर हलत होता, दारातून बाहेर येत होता, बार्लीच्या पांढऱ्या कोंबांवर, फादरांच्या झग्यावर, पहिल्या बाकावरच्या माणसांच्या तोंडांवर. भट्टीवरचे लोक गुडघ्यांवर गेले. कासियान उभाच होता. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

फादर रोमेदियुसनी पुढचं गाणं धरलं आणि मध्येच सोडलं. डॉक्टर त्रोयर पुढे निघाले होते.

ते पडद्यापर्यंत आले. मी इतक्या जवळ होते की त्यांच्या नाकाचा आवाज ऐकू येत होता. त्यांनी वाकून कमानीत हात घातला, म्हणजे हात घालावा तसं बोट कापडावर ठेवलं आणि वरून खाली फिरवलं. मग बोट उजेडात धरून पाहिलं. बोटाला काही लागलं नव्हतं. पडद्याच्या ह्या बाजूला, दिव्यामागे, नॉटबुर्गाताई आहेत हे त्यांना दिसत होतं. त्यांचं तोंड आणि ताईंचं तोंड ह्यांच्या मध्ये नुसतं तेल पाजलेलं कापड होतं.

"कासियान," ते वळून म्हणाले. "हे जाणूनबुजून केलंस?"

"तुम्ही म्हणालात, कापड दिसलं पाहिजे."

 आमच्या धाकट्याला खोकला आला आणि ह्यांनी त्याचं तोंड दाबलं.

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब," फादर रोमेदियुसनी विचारलं, "पुढचं गाऊ?"

"गा."

आणि ते जिथे होते तिथेच गुडघ्यांवर बसले. जाळाचा उजेड सरळ त्यांच्या अंगावर पडत होता. ते सरकून बसले नाहीत. तेवढ्यात वर घंटा परत वाजायला लागल्या आणि पुढचं मला आठवत नाही, कारण मी पडद्यामागे नॉटबुर्गाताईंना धरून उभी होते.

सोमवारी डॉक्टर निघून गेले. पारा हिंगुळासाठी होता, आणि आक्षेपार्ह भाग चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढला, असं त्यांनी लिहिल्याचं फादर म्हणाले. जाताना आमच्या ह्यांना त्यांनी एवढंच सांगितलं, "पुढच्या वेळी पारा द्याल तेव्हा एखादा साक्षीदार ठेवा." कपच्यांची पुडी नॉटबुर्गाताईंनी आवारात भिंतीजवळ नेऊन पुरली.

त्यानंतर कासियानने खालच्या ओळी कापणं सोडलं. फेरीवाला आला की चित्र घेऊन तो आधी माझ्याकडे यायचा. मी मठातल्या सिस्टरांच्या शाळेत थोडं लॅटिन शिकले होते, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. "वहिनी, बघा बरं, ह्यात काय लिहिलंय? देवाचं की त्यांचं?" मी वाचून पाहायची. मरण, काळोख, धुणं, अग्नी, पुन्हा उठणं. कित्येकदा मलाही सांगता येत नसे. मग मी म्हणायची, "कासियानदादा, हे ठेवा बाजूला." तो ठेवायचा, पण फेकायचा नाही.

त्या दिवशी त्याने खरंच आज्ञा पाळली, की आधीपासून त्याच्या मनात होतं, हे मी त्याला एकदाच विचारलं. तो म्हणाला, "दिवा मी ठेवला होता का? जिने ठेवला तिला विचारा." ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सुरी माझ्या हातात होती का?" मी नाद सोडला.

ताई गेल्यावर खालचा दिवा कासियान स्वतः ठेवायचा. ह्या उपवासकाळाच्या तोंडाशी तो अंथरुणावर होता. मी सूप घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "वहिनी, यंदा तुम्हालाच ठेवावा लागणार. खालची पायरी. साधं पाणी. गोळा कापडाला टेकू द्यायचा नाही, आणि वात जरा वर ओढायची, तिला तशीच आवडायची."

तेव्हा फादर, त्या जागेत रंग भरू नका. बार्ली मी माझ्या तळघरात पेरली आहे, कोंब आता बोटभर झाले आहेत.